ताटली उलटी करून पाहा

आमच्या घरच्या बैठकीत गणपतीच्या तसबिरीशेजारी एक निळी-पांढरी ताटली कित्येक वर्षे तारेने टांगलेली होती. पूल, झाडे आणि आकाशात उडणारे दोन पक्षी असे तिच्यावरचे चित्र. आमचे पणजोबा १८७४ साली रत्नागिरीकडून जहाजाने या बेटावर आले, तेव्हा ती ताटली त्यांच्या गाठोड्यात होती, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे शिक्षक झाल्यावर हीच कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली. मागच्या दिवाळीत घर रंगवायला काढले म्हणून ताटली खाली उतरवली. मागची बाजू धुरकटून काळी झाली होती. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसली, तर अक्षरे दिसली: ‘मेड इन जपान’.

या तीन शब्दांचा अर्थ काय, हे वाचकांना सांगावे म्हणून आजचा लेख. अशी एखादी जुनी बशी किंवा ‘लासिएत’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल.

परदेशी मालावर तो कोणत्या देशाचा हे लिहिले पाहिजे, असा कायदा अमेरिकेने केला आणि तो १८९१ पासून लागू झाला. निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळे शिक्के करण्यापेक्षा कारखानदार बहुधा सगळ्याच मालावर देशाचे नाव छापू लागले. म्हणून ‘इंग्लंड’ असे नाव दिसले, तर वस्तू साधारणपणे १८९१ नंतरची समजावी. ‘मेड इन इंग्लंड’ असे पूर्ण शब्द असतील, तर ती बहुधा विसाव्या शतकातली. जपानी मालावर आधी ‘निप्पॉन’ असे. १९२१ पासून ‘जपान’ हा शब्द आला. महायुद्धानंतर १९५२ पर्यंत काही मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असेही छापले जाई. मात्र देशाचे नाव नाही म्हणून वस्तू फार जुनी, असे उलटे अनुमान काढू नये.

इंग्रजी भांड्यांवर कधी चौकटच्या पत्त्यासारखी एक खूण सापडते. ती नक्षीच्या सरकारी नोंदणीची खूण. १८४२ ते १८८३ या काळात ती वापरात होती. तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांत व आकड्यांत दिवस, महिना आणि वर्ष दडलेले असते. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ पासून ते उजवीकडे गेले. ‘एक्स’ हे अक्षर वर असेल तर १८४२, उजवीकडे असेल तर १८६८. १८८४ पासून ही खूण जाऊन साधा नोंदणी क्रमांक आला. ही तारीख नक्षी नोंदवल्याची आहे, भांडे भाजल्याची नव्हे, हे विसरू नये. चालणारी नक्षी कारखाने वर्षानुवर्षे छापत राहात.

आपल्याकडे फ्रेंच ताटल्याही आढळतात. सारगमीन हे फ्रान्समधले भांड्यांचे गाव १८७१ साली जर्मनीच्या ताब्यात गेले. तेव्हा कारखान्याने फ्रान्सच्या हद्दीत दिग्वँ येथे नवी शाखा काढली. म्हणून एकाच शिक्क्यात दोन्ही गावांची नावे असतील, तर ताटली त्यानंतरची. आणि सिंह व मुकुट यांचे राजचिन्ह पाहून ‘ही गव्हर्नरसाहेबांच्या घरची’ असे कोणी म्हणाले, तर हसून सोडून द्यावे. इंग्लंडातले कितीतरी कुंभार ते चिन्ह सर्रास छापीत.

शिक्काच नसेल तर? ताटली उन्हासमोर धरून मागे बोटे हलवावीत. बोटांची सावली दिसली तर बहुधा पोर्सलीन, न दिसल्यास साधी चिनी माती. मग काठाची नक्षी नीट पाहावी. नक्षी छापील कागदावरून उतरवलेली असेल, तर कुठेतरी सांधा चुकलेला दिसतो, हाताने रंगवलेली असेल तर कुंचल्याचा जाड-बारीकपणा दिसतो.

वस्तू कुठे सापडली यावरूनही काळ कळतो. पीटर बॉथ, ज्यांचे नाव आपल्या डोंगराला आहे, ते १६१५ साली ‘बांडा’ या जहाजासह आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ बुडाले. पुढे पाणबुड्यांनी तेथून चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे वर काढले. त्या जहाजावरचा प्रत्येक तुकडा १६१५ पूर्वीचाच असणार, याला शिक्का लागत नाही.

आमच्या ताटलीचे मात्र सगळेच उलटे झाले. पणजोबा १८७४ चे आणि ताटली १९२१ नंतरची. आम्हांला वाईट वाटले, आणि वर्गात काय तोंड दाखवायचे असेही वाटले. शेवटी ताटली घेऊन आम्ही आत्याकडे गेलो. तिचे वय आता नव्वदीच्या पुढे आहे. तिने ताटली हातात घेतली आणि ती हसू लागली.

“अरे, ही तर माझ्या आईनं चिनी दुकानातून आणली. ऊसतोडीचे पैसे आले होते, तेव्हा. जहाजावरून आला होता तो लोटा. पितळेचा, काठाला चेपलेला. तो तुम्ही लोकांनीच भंगारवाल्याला दिलात.”

आम्हांला तो लोटा आठवतो. कोंबड्यांना पाणी ठेवायला तो अंगणात असे. नवी भांडी आली तेव्हा इतर मोडीबरोबर तोही गेला. ताटली सुंदर होती म्हणून कथा तिला चिकटली. लोट्याबद्दल कोणी विचारलेच नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही वर्गात ताटली नेली आणि आधी सांगितलेली गोष्ट चुकीची होती हे मुलांना सांगितले. मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न लोट्याबद्दल विचारले.

वाचकहो, घरातली जुनी भांडी उलटी करून पाहा. घासू नका, फुटके तुकडे चिकटवण्याची घाई करू नका. जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्यांत लोणचे किंवा चिंचेचे सार वाढू नका. पाहायला कोणी गिऱ्हाईक येण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांचे बोलणे तारीख घालून वहीत उतरवा. शिक्का पुढेही वाचता येईल. आत्याला विचारायला आम्ही चाळीस वर्षे उशीर केला.

ताटली पुन्हा भिंतीवर लावली आहे. तिच्यामागे आता एक चिठ्ठी आहे: ‘पणजोबांची नव्हे, आजीची.’