बिजागरीचा सांधा : पुठ्ठ्यातला आणि पायातला

कोपर, गुडघा आणि बोटांची पेरे येथील सांध्यांना बिजागरीचे सांधे म्हणतात. दाराप्रमाणे ते मुख्यतः एकाच दिशेने मिटतात व उघडतात. शालेय पुस्तकातील ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा सुटीत नातवंडांसोबत पुठ्ठ्याचे कोपर करून पाहावे. पुठ्ठा, दोरा, डिंक आणि शरबताची नळी घरात असतेच. छोटा नट-बोल्ट तेवढा आमच्या सावेडीतील पाइपलाइन रस्त्यावरच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून आणावा.

जाड पुठ्ठ्याच्या ४ सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. २० सेंमीची पट्टी म्हणजे दंड, २५ सेंमीची म्हणजे कोपरापुढचा हात. लांब पट्टीच्या टोकापासून ३ सेंमीवर भोक पाडून ती दंडाच्या खालच्या टोकाला बोल्टने सैलसर जोडावी. बोल्टमागे उरलेले ३ सेंमीचे शेपूट म्हणजे आपल्या कोपराचे टोक. बोल्टपुढे ३ सेंमीवर, पुढच्या कडेलगत एक दोरा बांधावा, दुसरा शेपटाला. दंडाच्या वरच्या भागी पुढे-मागे नळीचे तुकडे चिकटवून त्यांतून दोरे वर काढावेत. हात सरळ होताच शेपूट अडेल अशा बेताने दंडावर पुठ्ठ्याची एक गुटी चिकटवावी.

पुढचा दोरा ओढला की हात वाकतो, मागचा ओढला की उघडतो. दोऱ्याने ओढता येते, ढकलता येत नाही. स्नायूंचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक बिजागरीला स्नायूंची जोडी लागते. एक आखडतो तेव्हा दुसऱ्याने सैल व्हावे लागते.

आता हिशेब. हात काटकोनात धरून बोल्टपासून २१ सेंमीवर १०० ग्रॅमचे वजन टांगावे. दोरा ३ सेंमीवर असल्याने त्याला सुमारे ७०० ग्रॅमचा ताण सोसावा लागतो. हा तोट्याचा व्यवहार वाटेल. परंतु दोरा १ सेंमी सरकला की हाताचे टोक सुमारे ७ सेंमी उचलले जाते. जोर सातपट गुंतवून शरीर वेग विकत घेते.

हीच प्रतिकृती पुढची बाजू मागे करून टेबलावर उभी धरली की गुडघा होतो. वरून दिलेला भार बोल्टच्या किंचित पुढे पडला तर गुटी तो पेलते. किंचित मागे पडला की पाय मिटतो. मांडीपासून पाय गमावलेल्या माणसाला ही भीती पावलोपावली असते. कृत्रिम गुडघ्यात एकच खिळा असेल तर चुकीच्या पावलाला तो दुमडून माणूस कोसळतो.

यावरील एक उत्तर जयपूरहून आले. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेल्या ‘जयपूर फूट’मुळे उकिडवे बसणे, मांडी घालणे शक्य झाले. तो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचावा यासाठी देवेंद्रराज मेहता यांनी १९७५ मध्ये श्री भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. आम्हा बँकवाल्यांना ते रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर आणि पुढे सेबीचे अध्यक्ष म्हणून परिचित. अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता.

याच समितीसोबत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘जयपूर गुडघा’ विकसित केला. त्यात एका खिळ्याऐवजी चार खिळे व त्यांना सांधणाऱ्या पट्ट्या आहेत. त्यामुळे पाय सरळ असताना वळण्याचे केंद्र वर आणि मागे राहते, भार त्याच्या पुढे पडतो आणि गुडघा अवचित मिटत नाही. तेल मुरवलेल्या नायलॉनमुळे वेगळे वंगण लागत नाही. ‘टाइम’ने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली, तेव्हा किंमत सुमारे २० डॉलर होती.

नातवंडांनी कोपर पूर्ण केले की त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न ठेवावा : चार बोल्ट आणि चार पट्ट्यांत न कोसळणारा गुडघा कसा बांधाल? उत्तर शोधायला आणखी तीन बोल्ट लागतील.