घरधनी गप्प झाला, तर...

मानवतच्या बाजारात कापूस घालून ते घरी येतात, पट्टी तारेला खोचतात आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडतात. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणता, दमले असतील. आठवड्याने म्हणता, आळस भरलाय. महिन्याने भांडण!

जरा थांबा, भगिनींनो. तो आळस नसेलही; नैराश्याचं दुखणं असू शकतं.

परभणी जिल्ह्यात कित्येक घरांचं वर्ष कापूस-सोयाबीनवर निघतं. २०१५चा दुष्काळ, २०१७ची गुलाबी बोंडअळी कोण विसरेल? नेहमीची ओढगस्त मनाला पोखरतेच. पण हाताशी आलेली मिळकत एकाएकी गेली की घाव खोल बसतो. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना रोख मदत दिली, तेव्हा तिथल्या आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पाऊस चुकला की मनं खचतात, हे तिथेही आढळलं. मात्र पुढल्या साली पीक साधलं म्हणजे मन लगेच ताळ्यावर येतं असं नाही. गेलेले दहा हजार जितके सलतात, तितके आलेले दहा हजार कुठे सुखावतात?

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, कशात गोडी राहिली नाही, ‘माझा काय उपयोग’ असे शब्द येऊ लागले, तर खूण ओळखा. पुरुषाच्या बाबतीत कधी चिडचिड आणि दारूच आधी दिसते. आणि हो, स्वतःकडेही पाहा. बाईची उदासी ‘अंग दुखतंय, डोकं जड झालंय’ यातच दडून राहते. तिला कोण विचारतो!

रात्री जेवणं झाली की हिशेबाची वही दोघांनी मिळून उघडा. ‘अहो, देणं नक्की किती आहे?’ एवढंच विचारा. ‘भावजींचं बघा’ हा टोमणा नको. आकडा कमी होत नाही, पण एकट्याच्या उरावर राहत नाही.

मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला, तेव्हा अशी विचारपूस आशाताईंनी घरोघर केली होती. तुमच्या गावच्या आशाताईंशी मोकळेपणी बोला. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच सोडू नका.

मरणाची भाषा निघाली, तर थट्टेवारी नेऊ नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, त्यांना एकटं सोडू नका आणि दवाखाना गाठा.