गॅसची गोळी मागताय? आधी कोणती गोळी काय करते ते समजून घ्या

नागपूर : छातीत जळजळ झाली, आंबट पाणी घशाशी आलं, की काटोल असो की कुही, माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. "भाऊ, गॅसची गोळी द्या." गोळी मिळते, बरंही वाटतं. पण या नावानं मिळणाऱ्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. पोटातलं आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेला आतून सूज आणि जखमा झाल्या असतील, तर त्या भरणार की नाही, हे औषधावर अवलंबून असतं.

अँटासिड (पातळ औषध, चघळायच्या गोळ्या) : पोटात असलेल्या आम्लाचा जोर मारतात. काही मिनिटांत आराम पडतो, पण तो थोडाच वेळ टिकतो. जखम भरत नाही.

फॅमोटिडीन, रॅनिटिडीन : आम्ल कमी तयार होतं. रात्रीच्या जळजळीला उपयोग होतो. पण रोज घेतल्यास काही आठवड्यांत असर कमी होतो. रॅनिटिडीन तर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं गेलं.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल : आम्ल सोडणारे पेशींतले पंपच बंद करतात. जखम भरण्यासाठी हीच औषधं सर्वांत प्रभावी. कोर्स साधारण ८ आठवड्यांचा असतो. गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, कारण जेवताना पंप सुरू होतात आणि तेव्हाच औषध त्यांना पकडतं. जेवल्यावर घेतली तर फायदा कमी. दोन दिवस बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं चालूही ठेवू नका. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

दुखणं ॲलर्जीचं असेल तर? काहींच्या, विशेषतः तरुणांच्या, अन्ननलिकेला ॲलर्जीमुळे सूज येते. घास वारंवार अडकतो. यातही काहींना पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टर गिळायचं स्टिरॉइड देतात किंवा काही पदार्थ बंद करायला सांगतात. निदानासाठी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासावा लागतो.

गोळीसोबत खर्रा, दारू बंद करा. रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका.

हे दिसलं तर गोळीवर थांबू नका : घास अडकणं, रक्ताची उलटी, काळी संडास, वजन घटणं. खर्रा खाणाऱ्यानं तर घास अडकायला लागल्यावर एक दिवसही घालवू नये, हा अन्ननलिकेचा कर्करोगही असू शकतो. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन नागपूरच्या मेडिकल किंवा सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये एन्डोस्कोपीसाठी जा.

आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असेल, तर गॅस समजून वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन लावा.