पिवळा हेडलाइट : घासावा की बदलावा?

दिवाळीच्या सुट्टीत रात्री जळगावहून असोद्याला येताना पुढची बैलगाडी मला अगदी जवळ गेल्यावरच दिसली. बल्ब तर नवा होता! मेकॅनिक म्हणाला, "दोन्ही हेडलाइट बदला." पप्पांचा चेहरा पडला.

मी हात फिरवून पाहिला, काच बाहेरून खरखरीत. खरं तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. वरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो, मग प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी विखुरतो. त्यात आपलं खानदेशचं ऊन, मग काय विचारता!

आधी टूथपेस्ट घासली (हॉस्टेलचा रामबाण उपाय!). आठवड्यात जैसे थे. मग कडेने चिकटपट्टी लावून ८००, १५००, २००० नंबरचे वॉटर पेपर भिजवून क्रमाने घासले, कंपाउंड मारलं. शेवटी यूव्ही-रोधक क्लिअर कोट मात्र हवाच. कारण उरलासुरला मूळ थरही आपणच घासून काढलेला असतो. कोट टाळला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं.

पण तडा असेल, आत पाणी शिरलं असेल किंवा रिफ्लेक्टरची चमक गेली असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही. आमचा डावा नेमका तसाच निघाला. तेवढा एक नवा घेतला.