सगळे म्हणत होते, जा

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी. जन्म १९०७ चा, सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यातला. तरुणपणी मारामारीत पुढे. गावात मोटारसायकल घेणारा पहिला तोच. लग्नाआधी त्याला एक मुलगीही झाली होती. १९३६ मध्ये त्यानं फ्रान्झिस्काशी लग्न केलं आणि दोघं मिळून बायबल वाचू लागले. वसईत दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना मी त्याच्याविषयी सांगते, ते यातलं काहीही न गाळता. संत म्हटला की तो जन्मतःच निराळा, असं मुलांना वाटतं. मग त्याच्यासारखं वागणं आपलं काम नव्हे, असं ठरवायला ती मोकळी.

१९३८ च्या जानेवारीत त्याला स्वप्न पडलं. डोंगराला वळसा घेत एक देखणी आगगाडी येते, लहानथोर तिच्यात चढायला धावतात, आणि ही गाडी नरकात जाते असा आवाज त्याला ऐकू येतो. मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. एप्रिलमध्ये त्यावर झालेल्या सार्वमतात गावात विरोधी मत पडलं ते एकट्या फ्रान्झचं.

१९४० मध्ये त्याला सैन्यात भरती केलं, काही महिने प्रशिक्षणही झालं. शेतीसाठी म्हणून घरी सोडलं, तेव्हा त्याचं ठरलं होतं: हे युद्ध अन्यायाचं आहे, पुन्हा बोलावलं तर लढायचं नाही.

मला सर्वांत कठीण वाटतो तो यापुढचा काळ. त्याला अडवणारे नाझी नव्हते, आपलेच लोक होते. आई रडत होती, नातेवाईक समजावत होते. गावचे आधीचे धर्मगुरू फादर कारोबाथ यांना नाझीविरोधी प्रवचनासाठी अटक झाली होती. त्यांनीही त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला. लिंझच्या बिशपांनी सांगितलं, तुझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुझं काम नाही. यांतलं कोणी दुष्ट नव्हतं. सोपी वाट अशीच येते, प्रेमाच्या माणसांच्या तोंडून आणि धर्माच्या भाषेत. फ्रान्झचं म्हणणं एवढंच, की बायकामुलं आहेत म्हणून देवाचा अपराध करायची मुभा मिळत नाही.

“पण टीचर, त्याच्या मुलींचं काय?” वर्गात हा प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. फ्रान्झिस्कापासून झालेल्या तीन मुली होत्या, थोरलीला सहावंही सरलं नव्हतं. फ्रान्झिस्कानंही आधी त्याला विनवलं होतं. मग तिला दिसलं, की सगळेच त्याच्याशी वाद घालताहेत. आपणही घातला तर त्याला कोणीच उरणार नाही. ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. माझ्या लेखी या गोष्टीत श्रद्धा दोघांची आहे, आणि तिची फार कमी सांगितली जाते.

पुन्हा बोलावणं आलंच. १ मार्च १९४३ ला तो एन्सच्या छावणीत हजर झाला, आणि त्यानं लढायला नकार दिला. जखमींची सेवा करायला तयार आहे, असं त्यानं सांगितलं. ते कोणी मानलं नाही. बर्लिनच्या तुरुंगात त्याला कळलं, की फ्रान्झ रायनिश नावाच्या धर्मगुरूनं हाच नकार देऊन आदल्या वर्षी मरण पत्करलं होतं. आपण एकटे नाही, हा केवढा दिलासा! ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गमध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

फ्रान्झिस्कानं शेत सांभाळलं, मुली वाढवल्या, चर्चमधलं फ्रान्झचं सेवेचं कामही पुढे चालवलं. नवऱ्याला तिनंच देवभोळा केला, असा ठपका गावानं तिच्यावर ठेवला. विधवेचं पेन्शन १९५० पर्यंत नाकारलं गेलं. युद्धानंतर त्याच्यावरचा लेख धर्मप्रांताच्या नियतकालिकात छापायलाही बिशपांनी परवानगी दिली नाही. त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये २००७ साली ख्रिस्तसभेनं फ्रान्झला धन्यवादित घोषित केलं, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथं हजर होती.