सासूबाईंचा वड

मैत्रिणींनो, चितेगावहून पेमगिरीला कुणी जीपमागे ट्रॉली जोडून जातं का, असं तुम्ही विचाराल. आम्ही गेलो. नऊ माणसं, त्यांच्या गाद्या, स्टोव्ह आणि पाण्याचा ड्रम घेऊन!

त्याचं असं झालं. मामंजी जाऊन वर्ष झालं नव्हतं. ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. चाळीस वर्षं वडाला सूत गुंडाळणाऱ्या सासूबाई त्या दिवशी स्वयंपाकघरातच राहिल्या. मी आणि जाऊबाई नटूनथटून निघालो, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. वर मानसुद्धा केली नाही. परत आले तेव्हा माझाच जीव कानकोंडा झाला. पूजा तरी कशाची? पूर्वी आमच्याजवळ रस्त्याकडेला मोठा वड होता, तो रस्ता रुंद करताना गेला. आता बाजारातली तोडलेली फांदी कुंडीत खोचतो आणि तिलाच फेऱ्या घालतो. दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात.

रात्री मी विचारलं, "आई, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?" मला वाटलं, पंढरपूर म्हणतील. त्या म्हणाल्या, "पेमगिरीचा वड बघायचाय. माहेर तिकडचं, पण 'नेऊ, नेऊ' म्हणता म्हणता लग्न झालं."

दिवाळीच्या सुट्टीत मुहूर्त लागला. भाऊजींची जीप होतीच, मागे मोसंबी न्यायची छोटी ट्रॉली. ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, फक्त सामान, हे मी आधीच बजावलं. गंगापूर ओलांडलं आणि ती शेपटीसारखी डुलायला लागली. पाण्याचा ड्रम अगदी मागे ठेवला होता ना! जड सामान चाकांच्या वर, किंचित पुढच्या बाजूला हवं. ड्रम पुढे सरकवला नि ट्रॉली शहाणी झाली. शिदोरीला मी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

वैजापूर, शिर्डी, लोणी करत संगमनेरला मुक्काम केला. सकाळी पेमगिरी. गावातल्या अरुंद रस्त्यावर ट्रॉली मागे घेताना ह्यांना घाम फुटला. शेवटी ती सोडवून हातानंच ढकलली. गावामागे किल्ला दिसतो. १६३३ मध्ये आपला दौलताबाद मोगलांनी घेतल्यावर शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसाला गादीवर बसवलं ते इथेच. मी मुलांना हे सांगायला लागले, तर मुलं केव्हाच पळाली होती.

आणि वड! लांबून वाटतं, आमराईच आहे. आत शिरल्यावर कळतं, काही एकरांवर पसरलेलं हे एकच झाड. फांद्यांतून सुटलेल्या पारंब्या जमिनीला टेकतात, मुळं धरतात, जाड होऊन खोडं बनतात आणि पुढच्या फांदीला आधार देतात. कोवळ्या पारंब्यांना जपायला हवं. आमचा बंडू झोके घ्यायला गेला, तर सासूबाईंनी त्याला असा दरडावला की बाकीची मुलंही गप्प.

मग त्यांनी विचारलं, "ह्यातलं मूळ खोड कुठलं गं?"

मला सांगता येईना. मी कलकत्त्याजवळच्या शिवपूर उद्यानातल्या वडाचं सांगितलं. त्याचं मुख्य खोड बुरशीनं किडलं, १९२५ मध्ये ते काढून टाकावं लागलं. झाड मात्र पारंब्यांवर उभं आहे, अजून वाढतंय. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एका जाड पारंबीला पाठ टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "चहा ठेव. आणि कुणी पान तोडू नका."

परतताना दौलताबादपाशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "फांदी आणायची नाही आता. शेताच्या बांधावर रोप लावू. घराला चिकटून नको, भिंती फोडतं." मी म्हटलं, "लावू. पण पहिलं पाणी तुम्ही घालायचं, हळदकुंकूही तुम्हीच वाहायचं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "लोक काय म्हणतील?" जाऊबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "लोक बांधावर कशाला येतात!"

रोप आलंय. खड्डा कुणी खणायचा, यावरून हे आणि भाऊजी अजून वाद घालताहेत.