वि. वि. करमरकर आणि खेळाचे पान

वाशिम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात केनवडसारख्या गावी कबड्डीचा सामना रंगला, म्हणजे निकालाची वार्ता घरोघर पोचण्यास वर्तमानपत्राची गरज पडत नाही. परंतु पारडे कोणत्या चढाईने फिरले, निदान रेषा ओलांडून परतणाऱ्या गड्याचा दम मध्यरेषेच्या हातभर अलीकडे का तुटला आणि कोपरारक्षकाने त्याचा घोटा नेमका कोणत्या क्षणी धरला, हे उकलून सांगण्यास जाणता लेखकच लागतो. मराठीत हे कार्य व्रतस्थपणे करणाऱ्यांत वि. वि. करमरकर यांचे स्थान अग्रभागी आहे.

मूळचे नाशिकचे करमरकर १९६२ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडाविभाग सांभाळू लागले आणि कोपऱ्यात पडून राहणाऱ्या खेळाच्या बातमीला त्यांनी दैनिकात स्वतंत्र पान मिळवून दिले. ६ मार्च २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

स्तंभलेखकाची खरी कसोटी निकाल जाहीर झाल्यानंतर लागते. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला, हे आकाशवाणीने सांगितलेच होते. पण फलंदाजाच्या बॅटीपासून अवघ्या काही हातांवर निर्भयपणे उभ्या राहिलेल्या एकनाथ सोलकरमुळे त्या फिरकीला कशी धार चढली, हे वाचकाच्या दृष्टीसमोर उभे करणे, हाच स्तंभाचा धर्म होय.

करमरकरांचे मला सर्वाधिक मोल वाटते ते यासाठी की, क्रिकेटचे रसाळ मराठी समालोचन करणाऱ्या या गृहस्थांनी कबड्डी व खो-खो यांना कधी दुय्यम लेखले नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, तरी आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या प्रदीर्घ प्रतीक्षेत अशा खेळांचे अस्तित्व लोकांच्या ध्यानी ठेवण्याचे काम वर्तमानपत्राच्या पानानेही केले. आजही तालुक्याच्या सामन्याचे वृत्त उद्घाटकांच्या नामावळीने भरून जाते आणि निर्णायक पकड करणाऱ्या मुलाचे नाव मात्र गळते, याची मनस्वी खंत वाटते.

खेळाडूंच्या गुणगानावरच त्यांची लेखणी थांबली नाही. क्रीडासंघटनांचा कारभार, त्यांतील राजकारण आणि पैशाचे व्यवहार हेही क्रीडालेखकाच्या अखत्यारीतले विषय आहेत, असे मानून त्यांनी पदाधिकाऱ्यांची भीडमुर्वत न ठेवता लिहिले.